हरलेल्या मताचं काय करायचं?

२०२४ या एका वर्षात महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक जागरूक मतदाराच्या वाट्याला एक तरी वाईट दिवस आला. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीकडे गेल्या, १७ महायुतीकडे आणि सांगलीची एक अपक्ष उमेदवाराकडे. त्या संध्याकाळी महायुतीच्या समर्थकांच्या घरी जेवणावरची वासनाच उडाली होती. पुढे साडेपाच महिन्यांत, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल आला आणि २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी जिंकल्या. आता सुन्न होऊन बसण्याची पाळी दुसऱ्या बाजूची होती. देशाच्या पातळीवर तर जूनचा निकाल दोन्हीकडे हुरहुर लावून गेला. भाजपला २४० जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताच्या २७२ पेक्षा कमी, पण मित्रपक्षांसह सरकार त्यांचंच आलं. विरोधकांचं बळ वाढलं, पण सत्ता लांबच राहिली.

म्हणून हा लेख कुठल्या एका बाजूच्या मतदारासाठी नाही. आपलं मत हरलं, मन खट्टू झालं आणि पुढची पाच वर्षं डोळ्यांपुढे अंधारी दिसू लागली, अशा कोणाही माणसासाठी तो आहे. असे दिवस पुन्हा येणार आहेत, कधी तुमच्यावर, कधी तुमच्या शेजाऱ्यावर.

आधी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. ‘राजकारणच ते, एवढं काय मनाला लावून घेतोस?’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. देशाची निवडणूक म्हणजे आपली मुलंबाळं कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वातावरणात वाढणार याचा कौल असतो. त्यात जीव गुंतला तर त्यात चूक काही नाही. महाराष्ट्रात त्या वर्षी एप्रिल-मेच्या उन्हात पाच टप्प्यांत मतदान झालं. केंद्राबाहेर दोनशे मीटरच्या रेषेपलीकडे टेबल मांडून, मतदार यादीच्या पानांवर दगड ठेवून, दिवसभर चिठ्ठ्या शोधून देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतल्या पुष्कळांना कोणी पैसे दिले नव्हते. अशा माणसाला निकालानंतर रडू आलं तर त्याला हसू नये.

पहिला आठवडा शरीराचा आहे. वेळेवर जेवा, झोपा, पाय मोकळे करा. निकाल एकदा जाहीर झाला की वाहिन्यांवरच्या चर्चेत त्या रात्री नवीन काही कळत नाही. तीच आकडेवारी, तेच चेहरे, आवाज मात्र चढत जातो. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वर्तमानपत्र वाचलं तरी तुमच्या नजरेतून महत्त्वाचं काही निसटणार नाही. रात्री जेवणानंतर राजकीय संदेश पाठवायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा. त्या आठवड्यात नोकरी सोडणं, परदेशी जाण्याचं ठरवणं, सोसायटीच्या कमिटीचा राजीनामा देणं, भावाशी संबंध तोडणं यांतलं काहीही करू नका. हे निर्णय खरोखर घ्यायचे असतील तर महिन्याभराने घेऊनही बिघडत नाही.

महिनाभर थांबायला सांगण्यामागे एक कारण आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात गव्हर्नरपदासाठी निवडणूक झाली. ॲन रिचर्ड्स हरल्या आणि जॉर्ज बुश निवडून आले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना आधीच विचारून ठेवलं होतं की तुमचा उमेदवार हरला तर महिन्याभराने तुम्हाला कसं वाटेल. हरलेल्या बाजूच्या लोकांना वाटलं होतं की आपण बरेच दुःखी असू. प्रत्यक्षात महिन्याने विचारल्यावर ते पूर्वीइतकेच समाधानी निघाले. आपलं दुःख किती दिवस टिकेल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा जास्तच धरतो. याचा अर्थ त्यांनी आपली मतं बदलली असा नाही. मतं तीच राहिली, मन सावरलं.

हे सावरणं लवकर व्हावं म्हणून विचारांची एक शिस्त फार उपयोगी पडते. अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी भारतात रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनामुळे ती असंख्य मराठी वाचकांना परिचयाची आहे. तिचं सूत्र असं की आपल्याला छळतो तो आपला हट्ट, घटना त्या मानाने कमी छळते. ‘माझा पक्ष जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं’ ही इच्छा झाली. ‘तो जिंकायलाच हवा होता, लोकांनी असं मत द्यायलाच नको होतं’ हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली की वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं माणसाला कामाला लावू शकतं. हट्ट मोडला की संताप येतो, नाहीतर हातपाय गळतात. निकालानंतरच्या आठवड्यात स्वतःच्या तोंडची वाक्यं कागदावर उतरवून बघा. ‘या देशाचं काही होऊ शकत नाही’, ‘सगळे विकले गेले’, ‘आता मत देण्यात अर्थ नाही’. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे मला ठाऊक आहे, की मला तसं वाटतंय? बहुतेक वाक्यं या प्रश्नापुढे टिकत नाहीत. जी टिकतात त्यांच्यावर पुढे काम करायचं आहे, ती जपून ठेवा.

‘सगळे’ या शब्दाचा तर आकड्यांनीच समाचार घेता येतो. लोकसभेला महाराष्ट्रात ३० विरुद्ध १७ असा एकतर्फी दिसणारा निकाल लागला, पण दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर खासदार ४८ मतांनी ठरला. ज्याची मतं सर्वांत जास्त त्याची जागा, या आपल्या पद्धतीत थोड्या मतांनी पुष्कळ जागा इकडच्या तिकडे होतात. टीव्हीच्या पडद्यावरचा रंगवलेला नकाशा पाहून ‘अख्खा जिल्हा माझ्या विरोधात गेला’ असं वाटतं, तेव्हा त्याच जिल्ह्यात तुमच्यासारखं मत देणारी लाखो माणसं असतात.

याची खात्री करून घ्यायची असेल तर आपल्या मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ बघा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. दिसायला रुक्ष तक्ता असतो. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, मग एकेका उमेदवाराचा रकाना, नंतर ‘नोटा’, बेरीज. तुम्ही ज्या शाळेत जाऊन मत दिलं तिथल्या केंद्राचा क्रमांक शोधा आणि त्या ओळीवर बोट ठेवा. आपल्या गल्लीत एकही माणूस आपल्या मताचा नाही असं समजून बसलेल्याला तिथे शंभर-दोनशे मतं दिसतात. ती कोणाची हे कळत नाही, कळूही नये. पण जिन्यात भेटणारा, दूध आणायला जाणारा, भाजीवाल्याशी घासाघीस करणारा त्यांतला कोणीही असू शकतो. समोरच्या पक्षालाही तिथे मतं पडलेली असतात आणि ती देणारेही त्याच रांगेत तुमच्या पुढे-मागे उभे होते. हा एक तक्ता दहा चर्चांपेक्षा जास्त शांतता देतो, असं माझं मत आहे.

पराभवानंतर काय करावं याचे दाखले आपल्याकडे भरपूर आहेत. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला त्यांनाच त्या घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत लोकांनी नाकारलं. अशोक मेहतांसह त्यांनी निकालाविरुद्ध याचिका केली, ती फेटाळली गेली. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. मधल्या काळात ते राज्यसभेत गेले, बोलत राहिले, लिहीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेला कुठल्याच मतपेटीची परवानगी लागली नाही. १९८४ साली भाजपला लोकसभेत फक्त दोन जागा होत्या आणि अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरला हरले होते. त्याआधी १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीतून हरल्या आणि १९८० मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्या.

पण मराठी माणसाने आवर्जून आठवावा असा कौल गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलाच्या चिन्हावर मत, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानांवर. घराघरांत फूट पडली होती. मराठी दैनिकंही दोन बाजूंना होती, ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. ज्यांनी विलीनीकरणाचं स्वप्न पाहिलं होतं त्या गोमंतकीयांच्या आणि इथल्या मराठीप्रेमींच्याही मनाला ते फार लागलं.

पुढे काय झालं ते बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तिच्यात बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. जानेवारीत बांदोडकरांचं म्हणणं नाकारलं गेलं, मार्चमध्ये राज्यकारभार मात्र त्यांच्याकडेच राहिला. बांदोडकरांनीही कौल मान्य करून पुढचं काम हाती घेतलं. गोवा केंद्रशासितच राहिला, ३० मे १९८७ ला घटक राज्य झाला. गोव्यातलं मराठी नाटक, भजन, कीर्तन काही थांबलं नाही. एका कौलात ‘नाही’ आलं म्हणजे माणूस कायमचा झिडकारला गेला असं होत नाही, हे त्या तीन महिन्यांनी दाखवून दिलं.

आता चिंतेकडे वळू. झालं त्याचं दुःख काळाबरोबर ओसरतं. पुढे काय होईल याची धास्ती मात्र आपोआप जात नाही, कारण ती कधीकधी खरी असते. त्यामुळे ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला मी देणार नाही. त्याऐवजी धास्तीला नाव, गाव आणि तारीख द्या. ‘शेतकऱ्याचं वाटोळं होणार’ ही धास्ती तुम्हाला रात्रभर जागं ठेवेल आणि सकाळी काहीच करू देणार नाही. ‘कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली तर चाळीतला माल पडून राहील’ या वाक्यावर मात्र काम करता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला, ऐन निवडणुकीत, ती उठली. हा निर्णय कोणतं खातं घेतं, त्याची अधिसूचना कुठे निघते, आपल्या खासदाराने त्यावर सभागृहात प्रश्न विचारला का, हे सगळं शोधता येतं. सत्ताधारी पक्षाच्या खासदारालाही विचारता येतं. तुम्ही मत दिलं नसलं तरी तो तुमचाच खासदार आहे, आणि त्याच्या कार्यालयात अर्ज देताना कोणी तुमचं मत विचारू शकत नाही.

एखाद्या येऊ घातलेल्या कायद्याची भीती असेल तर त्याचा मसुदा मिळवून वाचा, त्यावरच्या बातमीवर थांबू नका. विधेयक समितीकडे गेलं की अनेकदा नागरिकांकडून सूचना मागवल्या जातात. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर अशा हजारो सूचना आल्या होत्या. २०२५ च्या जुलैत ते मंजूर झालं तेव्हा मसुद्यातल्या काही शब्दांत बदलही झालेले होते. विरोधकांचं त्याने समाधान झालं नाही, पण मसुदा होता तसाच मंजूर झाला नाही. सरकारी कारभाराची शंका असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे.

निवडणुकीच्या प्रक्रियेवरच संशय असेल तर तोही याच मार्गाने न्यावा. निकालाविरुद्ध याचिका करायला ४५ दिवसांची मुदत असते आणि ती उच्च न्यायालयात करावी लागते. उमेदवार किंवा त्या मतदारसंघाचा मतदार ती करू शकतो. मतदान संपताना केंद्रावर किती मतं नोंदली गेली याचा ‘फॉर्म १७ सी’ प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो. तुमच्या पक्षाच्या प्रतिनिधीने तो घेतला होता का, हे आधी विचारा. हातात कागद असलेला संशय न्यायालयापर्यंत जातो. कागदाशिवायचा संशय फक्त गटागटांत फिरतो आणि पुढच्या वेळी आपल्याच माणसांना घरी बसवतो.

आणि ज्यांची धास्ती याहून जवळची आहे त्यांच्याबद्दल. धर्मामुळे, जातीमुळे, भाषेमुळे निकालानंतर आपल्या वस्तीत काय होईल अशी भीती काही घरांत असते. त्या घरांना बाहेरून धीराचे शब्द सांगणं सोपं असतं, पण उपयोगाचं फार नसतं. भिवंडीचं उदाहरण इथे कामाचं आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, स्थानिक पोलीस ठाण्यातल्या पोलिसांसोबत नियमित बसू लागली. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं तिथे बोललं जाई. माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यामागे कित्येक महिन्यांच्या बैठका होत्या. तुमच्या वस्तीत भीती असेल तर अशा बैठकीची सुरुवात निकालानंतरच्या शांत दिवसांतच करा. आणि तुम्हाला स्वतःला भीती नसेल, पण शेजारच्या घराला असेल, तर तुम्हीच आधी त्यांच्या दारी जा.

नात्यांचं काय करायचं हा प्रश्न बहुतेकांना निकालापेक्षाही जड जातो. माझ्या परिचयाच्या एका घरात जूनच्या निकालानंतर सासरे आणि जावई एकमेकांशी बोलेनासे झाले. फॅमिली ग्रुपवर जावयाने एक व्यंगचित्र टाकलं, सासरे ग्रुप सोडून गेले, आणि लेक मधल्या मध्ये अडकली. सासूबाईंनी कोणाचीच समजूत काढली नाही. सप्टेंबरात गणपती आले तेव्हा त्यांनी जावयाला आदल्या दिवशी सकाळीच बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “जावईबापू, यांचा गुडघा दुखतो. स्टुलावर तुम्ही चढा, वायर हे देतील.” मखराला दिव्यांची माळ लावताना ‘बाबा, जरा सैल सोडा’, ‘डावीकडे घ्या’ इतकंच बोलणं झालं. दुपारी दोघं एका पंगतीला बसले. निवडणुकीचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि त्यानंतरही दोघांची मतं बदलली नाहीत. नोव्हेंबरात बाजी पलटली तेव्हा मात्र सासऱ्यांनी जावयाला काही पाठवलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

तुटलेलं बोलणं जोडायला वादाचा निकाल लागावा लागत नाही, हाताला सारखं काम लागतं. कोणाच्या आजारपणात डबा नेऊन देणं, लग्नाची खरेदी, शेतातली पेरणी, काहीही चालेल. ग्रुपवर आलेल्या चिथावणीला उत्तर द्यायचंच असेल तर त्या माणसाला फोन करा. लिहिताना माणूस सगळ्यांना दाखवण्यासाठी लिहितो, फोनवर तो एकट्याशी बोलतो. आणि मुलांसमोर ‘आता देश संपला’ असं म्हणू नका. ती ते खरं धरतात. त्यांना सांगा की आपल्याला वाईट वाटलंय, पाच वर्षांनी पुन्हा मतदान आहे आणि तोवर आपण काय करणार आहोत.

जिंकलेल्यांनाही एक विनंती आहे. पेढे वाटा, फटाके वाजवा, पण हरलेल्याच्या दारासमोर वाजवू नका.

एवढं करूनही दोन आठवड्यांनंतर झोप लागत नसेल, कामात लक्ष नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मग हा प्रश्न निवडणुकीपुरता राहिलेला नसतो. १४४१६ या ‘टेलिमानस’ मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, आत्ताच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

एक शेवटचं निरीक्षण. दिल्लीच्या सत्तेसाठी आपण वर्षभर भांडलो, पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचीही तीच कथा. पाणी, कचरा, दवाखाना, शाळा ही आपली रोजची दुखणी जिथे सुटतात तिथे आपला प्रतिनिधीच नव्हता आणि त्याची चर्चा निकालाच्या चर्चेच्या शतांशानेही झाली नाही. देशाच्या निकालाने खचलेल्या माणसाला मी पहिलं काम हेच सुचवेन: पुढच्या ग्रामसभेला किंवा वॉर्डातल्या बैठकीला जा, एक लहान प्रश्न उचला आणि तो सुटेपर्यंत सोडू नका. विरोधी मताचा शेजारीही त्यात सोबत येईल, कारण नळाला पाणी दोघांनाही हवं असतं.

आणि मतदार यादीतलं आपलं नाव तपासा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच बघा. १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. नवं नाव नोंदवायला ६ नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८ नंबरचा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या नोंदणीच्या चार पात्रता तारखांपैकी ज्या तारखेपर्यंत घरातल्या मुलाची अठरा वर्षं पूर्ण होणार असतील, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.